घरात पेरलेली रोपे का दगावतात?

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी दोन सुचवले होते. एक प्लांटमधल्या आठवणींचा आणि दुसरा भाजीच्या रोपांचा. आठवणी सांगणारे आपल्यात इतके आहेत की त्या अनंत चतुर्दशीपर्यंतही संपायच्या नाहीत, म्हणून समितीने सुज्ञपणे दुसरा विषय निवडला. मी शेतकीचा पदवीधर नाही. माझी सारी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणात हा छंद लागला. तेव्हा आज जे सांगणार आहे ते मेंटेनन्सवाल्याच्या पद्धतीने सांगणार आहे. मशीन बंद पडली तर आधी कारण शोधायचे आणि मग पाना हातात घ्यायचा, हे इथे बसलेल्या सहकाऱ्यांना मी सांगायला नको. रोपांच्या बाबतीत मात्र आपण उलटे करतो. रोपाने मान टाकली की आधी औषधाची पुडी आणतो, नाहीतर ‘बीच खराब निघाले’ असे म्हणून मोकळे होतो. मी आजवर जी मेलेली रोपे पाहिली, त्यांत बियाणे क्वचितच दोषी होते. बहुतेक रोपे लाडाने मेली होती.

आता कुणी म्हणेल, घरात पेरायचेच कशाला? बाहेर वाफा करावा. आपल्यातले बरेच जण सेक्टरचे क्वार्टर सोडून नेहरूनगर, स्मृतीनगर, रिसालीकडे राहायला गेले. कुणाकडे गॅलरी आहे, कुणाकडे नुसती खिडकी. पण ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनाही या दिवसांत व्हरांड्याचाच आसरा घ्यावा लागतो, कारण आपल्याकडचा श्रावण-भाद्रपदातला पाऊस. एक जोराची सर आली की वाफ्यातले बारीक बी वाहून जाते, वरची माती थापटून घट्ट होते आणि उगवलेले कोंब चिखलात आडवे होतात. शिवाय भिलाईच्या आसपासची पुष्कळशी जमीन मुरमाड, लाल, जिला छत्तीसगढीत ‘भाठा’ म्हणतात तशी आहे. मटासी, डोरसा, कन्हार अशी इथे जमिनीची चढती भाजणी आहे आणि भाठा त्यात सर्वांत खाली. त्या मातीत मोठे झाड कसेबसे तग धरते, पण मोहरीएवढ्या बियाला ती झेपत नाही. तेव्हा रोपे घरात, आडोशाला तयार करून पाऊस ओसरला की बाहेर लावायची, हा रास्त मार्ग आहे. आपल्या छत्तीसगढी शेजारणी रोपांना ‘थरहा’ म्हणतात आणि पावसाळ्यात त्याही ती वळचणीखाली, छपराच्या आडोशाला जपतात, हे तुम्ही पाहिले असेल.

यात पणाला काय लागले आहे तेही सांगतो, म्हणजे मी इतक्या बारीकसारीक गोष्टी का सांगतोय ते लक्षात येईल. आपल्याकडची थंडी मोजकी. नोव्हेंबरच्या मध्याला ती येते आणि फेब्रुवारी लागला की निघायची तयारी करते. टोमॅटोला फळ धरायला रात्रीचा पारा १५ ते २० अंशांच्या आसपास लागतो, आणि दिवसा ३५ अंशांच्या वर गेला की फुले गळायला लागतात. फुलकोबीचा गड्डा तर थंडीच्या अंशावरच ठरतो. भाद्रपदात ट्रेमधली रोपे मेली आणि आपण पुन्हा पेरले, तर तीन-चार आठवडे मागे पडतो आणि ते पुढे कुठेच भरून निघत नाहीत, कारण दुसऱ्या टोकाला उन्हाळा उभा असतो. बियाचे पाकीट दुकानात पुन्हा मिळते, गेलेले आठवडे मिळत नाहीत.

एक घरगुती हिशेब करून पाहू. आपल्यातल्या अनेक घरांत चातुर्मासात वांगे वर्ज्य असते आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. गणेश चतुर्थीपासून चंपाषष्ठीपर्यंत साधारण ९१ दिवस. वांग्याचे रोप तयार व्हायला ३० ते ३५ दिवस आणि लावल्यानंतर पहिले वांगे हाती यायला ६० ते ७० दिवस, म्हणजे बेरीज ९० ते १०५. तेव्हा नैवेद्याला घरचे वांगे हवे असेल तर बी राखीपौर्णिमेच्या सुमारास, फार तर पोळ्यापर्यंत मातीत पडायला हवे. गणपती बसल्यावर पेरणाऱ्यांनी बाजाराची पिशवी तयार ठेवावी. २०२० साली मध्ये अधिक आश्विन आला होता तशी कधी महिनाभराची सूट मिळते, पण ती वरचेवर मिळत नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. प्लांटमध्ये ब्रेकडाऊन झाला की आपण आधी शिफ्टचे लॉगबुक काढतो. रोपांसाठीही तसे एक वहीचे पान ठेवा. पेरल्याची तारीख, पहिला कोंब दिसल्याची तारीख, पाणी कधी दिले आणि ट्रे कुठे ठेवला होता, एवढे चार रकाने पुरेत. रोप कितव्या दिवशी बिघडले हे कळले की निम्मे निदान तिथेच होते. पहिल्या आठवड्यातली तक्रार, दोन पानांवरची तक्रार आणि बाहेर नेल्यानंतरची तक्रार यांची कारणे वेगवेगळी असतात. दिसायला मात्र तिन्ही वेळा ‘रोप मेले’ एवढेच दिसते.

पहिली तक्रार, बी उगवलेच नाही. इथे आधी दिवस मोजा. कोबी आणि फुलकोबी चार ते सहा दिवसांत वर येते, टोमॅटो सहा ते आठ, वांगे सात ते दहा. मिरची दहा-बारा दिवस सहज घेते, आणि गारवा असेल तर पंधरासुद्धा. सातव्या दिवशी मिरचीचा ट्रे ओतून देणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. दुसरे असे की शंभर बिया पेरल्या तर शंभर उगवाव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे. सरकारी बीज प्रमाणीकरणाच्या मानकांत उगवणीची किमान मर्यादा टोमॅटो, वांगी, कोबी आणि कांदा यांना ७० टक्के, फुलकोबीला ६५ आणि मिरचीला ६० टक्के आहे. म्हणजे मिरचीच्या दहा बियांतून सहा उगवल्या तरी ते बी कायदेशीररीत्या पास. पाकिटावर मुदतीची तारीख असते ती वाचावी. कांद्याचे बी तर वर्षभरातच दम सोडते, ते गेल्या वर्षीचे वापरू नये. शंका असेल तर वीस बिया ओल्या फडक्यात, मटकीला मोड आणतो तशा बांधून ठेवाव्यात आणि किती फुटतात ते मोजावे. बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचे असेल तर त्याला औषध चोळलेले असते. ते हाताळून झाल्यावर हात धुवावेत आणि उरलेले कोंबड्या-पाखरांपुढे टाकू नये.

दिवस उलटून गेले तर ट्रे फेकू नका, काडीने उकरून पाहा. बी कोरडे, जसेच्या तसे सापडले तर ओल कमी पडली. ते फुगून पिचपिचीत झाले असेल तर पाण्याने किंवा बुरशीने कुजले. पांढरा कोंब निघून खालच्या खालीच वळून बसला असेल तर खोल पेरले किंवा वरची माती घट्ट झाली. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर असली की पुरे. टोमॅटो-वांग्याला अर्धा ते एक सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. आणि बी सापडलेच नाही तर मुंग्यांकडे संशयाने पाहावे. टोमॅटो-वांग्याचे बी त्या ओळीने उचलून नेतात. ट्रेच्या स्टुलाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवले की हा प्रश्न सुटतो, जुन्या काळी दुधाच्या कपाटाला करत असत तसे.

कधीकधी कोंब वर येतो पण बियाचे टरफल डोक्यावर टोपीसारखे अडकून राहते. ते ओढून काढू नये, पाने तुटतात. ओल्या कापसाने टोपी भिजवून तासाभराने हलकेच सोडवावी. बी फार वरवर पेरले की असे होते.

दुसरी तक्रार आपल्याकडे सर्वांत जास्त. रोपे उंच, फिकट, दोऱ्यासारखी होतात आणि खिडकीकडे झुकतात. घरातले कौतुकाने म्हणतात, ‘चार दिवसांत किती वाढली!’ ही वाढ नव्हे, ही उजेडासाठी केलेली धावाधाव आहे. भाद्रपदात आकाश भरलेले, त्यातून ट्रे खोलीच्या आत चार फुटांवर. आपल्या डोळ्यांना तिथे भरपूर उजेड वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. रोपाला ती सोय नाही. त्यात खोली उबदार असली तर उजेड कमी आणि वाढायची घाई जास्त, असा दुहेरी त्रास होतो. तेव्हा पहिला कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे हलवावा, दोन दिवसांनी नव्हे. सर्वांत उजेडाच्या खिडकीला किंवा व्हरांड्याच्या कडेला तो अगदी लागून ठेवावा आणि रोज अर्धा फिरवावा. जिथे उजेड येतच नाही तिथे एलईडीची साधी पांढरी ट्यूब चालते, पण ती रोपांच्या माथ्यावर दहा-पंधरा सेंटिमीटरवर हवी आणि दिवसाला चौदा तास तरी. छताला लावलेल्या ट्यूबचा रोपाला काही उपयोग नाही. रात्री मात्र बंद करावी.

दाटीनेही असेच होते. बोटभर जागेत वीस बिया टाकल्या की सगळीच एकमेकांच्या वर डोके काढायला बघतात. विरळणी करताना आपला जीव होत नाही, पण कमजोर रोपे कात्रीने बुडाशी कापून टाकावीत. उपटली तर शेजारच्याची मुळे दुखावतात. आणखी एक गंमत सांगतो. दिवसातून एकदा-दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून हलका हात फिरवला तर ती ठेंगणी आणि जाड बुडख्याची होतात. बाहेर वारा जे काम करतो तेच इथे हात करतो. पंखा अगदी मंद ठेवला तरी चालते.

लांबट झालेले टोमॅटोचे रोप वाचवता येते. पुढच्या मोठ्या पेल्यात ते बीजपानांपर्यंत खोल लावावे, जमिनीत गेलेल्या खोडाला मुळ्या फुटतात. मिरची आणि फुलकोबी यांना ही सवलत फारशी नाही. तिथे आठ दिवसांच्या आत पुन्हा पेरणे हाच शहाणपणा.

आता तिसरी तक्रार. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण एका रात्रीत अख्खा ट्रे जातो तो हिच्यामुळे. संध्याकाळी रोपे ताठ होती आणि सकाळी कापल्यासारखी आडवी पडली. हिरवी आहेत, सुकलेली नाहीत, पण जमिनीलगत खोड पिचून दोऱ्यासारखे झाले आहे. कृषी विद्यापीठांची पत्रके याला रोपे कोलमडणे म्हणतात, इंग्रजी नाव डॅम्पिंग ऑफ. पिथियम, फायटोफ्थोरा, रायझोक्टोनिया अशा जमिनीतल्या बुरशींचे हे काम आहे. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणजे माती सतत ओली ठेवली तर आपण त्यांना एका रोपाकडून दुसऱ्याकडे जायला रस्ताच बांधून देतो. बी मातीतच कुजते आणि वर येतच नाही, तेही पुष्कळदा हेच दुखणे असते, फक्त आठवडाभर आधी झालेले.

इथेच आपल्या लाडाचा संबंध येतो. सकाळी सौभाग्यवती पाणी घालतात, दुपारी सासूबाईंना माती कोरडी वाटते, संध्याकाळी आपण ड्यूटीवरून आल्यावर प्रेमाने पुन्हा. तीन शिफ्टमध्ये पाणी, आणि लॉगबुक कुणाकडेच नाही! त्या रोपाला मुळी वाचायची संधीच मिळत नाही. नियम साधा आहे. वरच्या मातीचा रंग फिका पडला आणि बोट टेकवल्यावर ओल लागली नाही, तरच पाणी. तेही सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो. शक्य तर ट्रे पाण्याच्या परातीत दहा-पंधरा मिनिटे ठेवून खालून पाणी प्यायला द्यावे आणि मग निथळू द्यावे. भांड्याला भोके हवीतच. प्लास्टिकचे वापरून फेकायचे पेले १ जुलै २०२२ पासून बंद झाले आहेत, पण दह्याचे डबे आणि दुधाच्या पिशव्या घरोघरी निघतात. तापलेल्या खिळ्याने बुडाला चार भोके पाडली की झाले. भांडी मागच्या वर्षीची असली तर साबणाने घासून कडक उन्हात वाळवावीत.

माती कोणती, हा पुढचा मुद्दा. अंगणातली माती थेट ट्रेमध्ये भरली की बुरशीही तयार मिळते. एक भाग माती, एक भाग शिवनाथची जाडसर रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत असे मिश्रण मला मानवले आहे. हे मिश्रण मे महिन्यात ओले करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात ठेवले तर आपला ४२-४४ अंशांचा उन्हाळा फुकटात निर्जंतुकीकरण करून देतो. भिलाईच्या उन्हाबद्दल चांगले बोलण्याचा असा प्रसंग क्वचित येतो.

या दिवसांतल्या दोन खास सवयींबद्दल बोलायलाच हवे. हल्ली अनेक घरांत शाडूच्या मूर्तीचे विसर्जन बादलीत होते आणि ती माती कुंडीत घालतात. भावना उत्तम आहे. पण शाडू फार बारीक, चिकट असतो. तो रोपांच्या ट्रेमध्ये घातला की पाणी अडते, वर पापुद्रा धरतो आणि मुळांना हवा मिळत नाही. ती माती मोठ्या झाडाच्या बुडाशी, अंगणात पसरून घालावी, ट्रेमध्ये नको. तसेच निर्माल्याचे खत. ते पूर्ण कुजून काळे, भुसभुशीत आणि वासरहित झाले तर सोन्यासारखे. अर्धवट कुजलेल्या फुला-दुर्वांचा थर घातला तर बुरशीला जेवणावळ घातल्यासारखे होते, आणि मागोमाग ती बारीक काळी चिलटे येतात. चिलटे स्वतः काही करत नाहीत, पण त्यांच्या मातीतल्या पांढऱ्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात. मातीवर हिरवा शेवाळी थर आणि ट्रेवर चिलटे दिसली की समजावे, पाणी जास्त होते आहे. वर अर्धा सेंटिमीटर कोरडी रेती पसरावी, पाणी खालून द्यावे आणि पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून जवळ उभा करावा. चिलटे त्याला चिकटतात.

रोपे कोलमडू लागलीच तर पडलेली रोपे भोवतालच्या मातीसकट चमच्याने काढून टाकावीत, पाणी थांबवावे आणि ट्रे वाऱ्याला ठेवावा. उरलेल्यांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात ओतावे. पडलेले रोप उभे राहत नाही, त्यावर औषध वाया घालवू नये. त्यापेक्षा आधीच ट्रायकोडर्मा वापरणे बरे. ही चांगली बुरशी आहे, वाईट बुरशीला खाऊन टाकते. एक किलो बियाला पाच ग्रॅम हे प्रमाण, म्हणजे आपल्या पाकिटाला चिमूटभर चोळावी, आणि मूठभर शेणखतात मिसळून मातीत घालावी. फक्त ट्रायकोडर्मा आणि तांब्याचे औषध एकाच वेळी देऊ नये. दुसरे पहिल्याला मारते आणि आपण दोन्हींचे पैसे घालवतो.

पिवळेपणाचे थोडक्यात सांगतो. कोकोपीटमध्ये पेरले तर दोन खरी पाने आल्यावर रोपे पिवळी पडतात, कारण कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतेच. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ आठवड्यातून एकदा दिले की रंग परततो. कोकोपीटची वीट दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन घ्यावी, त्यात मीठ असते. आणि आरओ मशीनच्या नळीतून निघणारे टाकाऊ पाणी वाचवून रोपांना घालण्याचा मोह टाळावा. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरी बुकटी दिसली तर पाणी तपासा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला मात्र लोक उगाच दोष देतात, त्याने रोप मरत नाही. जानेवारीत काकडी-दोडके आधीच घरात पेरणाऱ्यांनी ट्रे रात्री स्वयंपाकघरात ठेवावा. त्याच थंडीत टोमॅटोची पाने खालून जांभळी झाली तर घाबरू नये. गारठ्यात मुळांना स्फुरद उचलता येत नाही, ऊब मिळाली की रंग जातो.

चौथी तक्रार उपायापलीकडची आहे, म्हणून ती टाळणे एवढेच हातात असते. टोमॅटो-मिरचीची पाने आत वळून बारीक, सुरकुतलेली होतात. आपल्याकडे याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. मिरचीत हे फुलकिडे आणि कोळी यांनीही होते आणि त्यावर इलाज चालतो. टोमॅटोत मात्र बहुधा पांढरी माशी विषाणू घेऊन येते. रोप जितके लहान, तितके नुकसान मोठे. चार पानांवर लागण झालेले रोप पुढे फळ धरतच नाही म्हटले तरी चालेल. व्हरांड्यात जास्वंद असेल तर पानांची खालची बाजू पाहा, पाहुणे तिथेच मुक्कामाला असतात. ट्रेवर पहिल्या दिवसापासून जाळी हवी. मच्छरदाणी चालत नाही, तिच्या भोकातून पांढरी माशी आरामात जाते. चाळीस-पन्नास मेशची नायलॉन जाळी मिळते ती घ्यावी. लागण झालेले रोप दया न दाखवता उपटून पिशवीत बांधून टाकावे.

रोपे घरात सुखरूप वाढली तरी शेवटच्या दिवशी बरेच जण हरतात. महिनाभर सावलीत वाढलेले रोप काढले आणि दुपारी उन्हात लावले, की दुसऱ्या दिवशी पानांवर पांढरे डाग आणि तिसऱ्या दिवशी रामराम. पाऊस उघडल्यावरचे ऑक्टोबरचे ऊन फार बोचरे असते. सात ते दहा दिवस रोपांना बाहेरची सवय लावावी. आधी सकाळचा एक तास, मग दोन, मग अर्धा दिवस, आणि या दिवसांत पाणीही थोडे हात राखून. लावणी संध्याकाळी करावी. पण सवय लावण्याच्या नावाखाली फार रेंगाळूही नये. फुलकोबीचे रोप चार-पाच आठवड्यांच्या पुढे छोट्या पेल्यात उपाशी राहिले तर ते अंगणात गेल्यावर बटणाएवढा गड्डा धरते आणि तिथेच थांबते. लोक म्हणतात बी फसवे निघाले. प्रत्यक्षात ती फसगत पेल्यात झालेली असते. फुलकोबीत जातीची वेळही पाळावी लागते. लवकरची पुसा दीपाली आणि उशिराची स्नोबॉल यांची अदलाबदल केली तर एकीचा गड्डा बटणाएवढा राहतो आणि दुसरी नुसता पाला देते. स्नोबॉलचे बी दसऱ्याच्या सुमारास टाकले तरी चालते.

भाषणानंतर काही प्रश्न विचारले गेले, तेही इथे देतो.

एका भगिनींनी विचारले की एवढे करण्यापेक्षा बाजारातून तयार रोपे का आणू नयेत. जरूर आणावीत, पण मुळे पाहून. रोपांसोबत माती येते आणि मातीसोबत मर रोग येऊ शकतो. टोमॅटो-वांग्याचे चांगले वाढलेले झाड हिरवेच्या हिरवे अचानक मलूल झाले तर बुडाचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरा. कापलेल्या जागेतून दुधासारखा धागा खाली उतरला तर तो जिवाणूंचा मर रोग. त्यावर औषध नाही आणि ती जागा पुढे काही वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांना निरुपयोगी होते. आपल्या दुर्ग-धमधा भागात टोमॅटोची मोठी लागवड आहे, तिथले शेतकरी आता वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपे लावतात ती याचसाठी. ज्यांच्या अंगणात एकदा मर आली आहे त्यांनी कलमी रोपेच घ्यावीत, थोडी महाग पडली तरी. बाकीच्यांनी घरचे रोप, घरची माती.

एका तरुण सहकाऱ्याने विचारले, फ्लॅटच्या गॅलरीत ऊन फक्त दोन तास येते, काय लावू? टोमॅटोच्या नादाला लागू नये. पालक, मेथी, कोथिंबीर आणि आपल्या इथली लाल भाजी थेट कुंडीत पेरावी. यांची रोपे करायचीच नसतात, म्हणजे आजचे अर्धे भाषण त्यांना लागूच नाही.

शेवटचा प्रश्न आपल्या सर्वांचा होता. दिवाळीत आठ-दहा दिवस नागपूर-पुण्याला गेलो तर रोपांचे काय? निघण्याच्या आदल्या दिवशी लावणी करू नये. एकतर दोन आठवडे आधी लावून रोपे रुजू द्यावीत, नाहीतर परत आल्यावर लावावीत. ट्रे घरातच असेल तर पाण्याच्या बादलीपासून प्रत्येक पेल्याच्या भोकात सुती वात सोडावी, निरांजनाची असते त्याहून जाड. लागेल तेवढेच पाणी ती वर खेचते. निघण्याआधी दोन दिवस करून पाहावे, वात जाड झाली तर माती चिखल होते. आणि शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर सोबत एक चिठ्ठीही द्या, ट्रेलाच चिकटवून: ‘पाणी रोज घालू नये. वरची माती फिकी दिसली तरच, तेही खालच्या परातीत.’